बिनचिन्हाची उमेदवार

बारामती-इंदापूरकडून परत आल्यापासून भेटेल तो मला विचारतो, "काय काय पाहिलंत?" भिगवणचे रोहित पक्षी पाहिले का? पाहिले, एसटीच्या खिडकीतून. गुलाबी होते. साखर कारखाना? धुराडं दिसलं. देवळं? एकही नाही. मी तिकडे बघायला गेलेच नव्हते. मी उमेदवार शोधायला गेले होते. हा शब्द आपण कुठे जाऊन उच्चारतोय याचा विचार न केल्यामुळे माझी जी वरात निघाली, तिची ही हकिगत आहे.

आधी मी कोण ते सांगते. पुण्यातल्या एका लहानशा संस्थेत मी मनाच्या आजारांच्या पेशंटांसाठी समाजकार्यकर्ती म्हणून काम करते. डॉक्टर गोळ्या लिहून देतात. त्या रोज पोटात जातात का, घरचे त्या माणसाला माणसात धरतात का, हे बघायचं काम माझं. इंदापूर तालुक्यातून आमच्याकडे पेशंट यायचे, एकदाच यायचे आणि पुन्हा दिसायचे नाहीत. बारामतीला पुण्याहून एक डॉक्टर महिन्यातून एकदा जायचे, पण त्यांच्यापर्यंत पेशंटला नेणार कोण? आणि नेलं तरी पुढचा महिनाभर त्याच्याकडे लक्ष कोण देणार? पदवी घेतलेली मुलगी पुणं सोडून तिकडे राहायला तयार होत नाही. एखादी झालीच तर तिचे आईवडील होत नाहीत.

माझे वडील शिंपी होते. पेठेतल्या आमच्या दुकानात लोक उमेदवारीला यायचे. आधी काज, मग बटण, मग तुरपाई, आणि सगळ्यात शेवटी कात्री. शाळा-कॉलेज काही नाही, नुसतं उस्तादाशेजारी बसायचं आणि हात चालवायचा. त्यांतले कितीतरी पुढे स्वतःची दुकानं थाटून बसले. मी संस्थेत म्हटलं, आपणही असंच करू. तिथलीच बाई घेऊ, हाताखाली ठेवू, पगार देऊ आणि काम करता करता शिकवू.

आमचे मोठे डॉक्टर हसले. "बाई, मन म्हणजे सदरा नव्हे," म्हणाले.

"सदरा फाटला तर लोक शिंप्याकडे जातात तरी. यांनी कुठे जायचं?" मी म्हटलं.

मग त्यांनी परवानगी दिली, ती अशा चेहऱ्याने की जा आणि तोंड पोळून घ्या.

बारामती

बारामतीचे रस्ते आमच्या पेठेतल्या रस्त्यांपेक्षा चांगले आहेत, हे पुणेकराला कबूल करणं जड जातं. मी करते. रुंद रस्ते, रात्री लखलखीत दिवे, चौकाचौकात एसटीडीचे पिवळे बूथ. शहराला कालव्याच्या पाण्याचा आणि उसाच्या पैशाचा तजेला आहे. चहा मात्र असा गोड की चमचा उभा राहावा. "बिनसाखरेचा" म्हटलं तर टपरीवाला चिंतेने विचारतो, "शुगर हाय का?" उसाच्या मुलखात साखर नको म्हणणं म्हणजे आजार तरी असणार किंवा अपमान.

एका छापखान्यात मी पत्रक छापायला दिलं. मजकूर दोन ओळींचा होता. 'मनाच्या आजारी माणसांसाठी काम करण्यास उमेदवार पाहिजेत. स्त्रियांना प्राधान्य.' खाली संस्थेचा पत्ता आणि माझं नाव. छापखान्याचे मालक, जाडजूड काका, कागद लांब धरून वाचत होते. आसपासच्या ग्रामपंचायतींच्या निवडणुका जवळ आल्या होत्या आणि जमिनीवर पत्रकांचे ढीग पडले होते. बायकांना राखीव जागा नुकत्याच झालेल्या, त्यामुळे डोक्यावरून पदर घेतलेल्या, घाबरून कॅमेऱ्याकडे बघणाऱ्या बायकांचे फोटो सगळीकडे दिसत होते.

"चिन्ह?" काकांनी विचारलं.

"चिन्ह नाही."

"आजून मिळालं न्हाय व्हय? आसू द्या, जागा सोडतो."

मला वाटलं, छपाईतलं काहीतरी असेल. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा हातात आला. वर ठळक 'जाहीर आवाहन', मधोमध जोडलेले दोन हात, खाली 'आपली नम्र' म्हणून माझं नाव, आणि कोपऱ्यात एक रिकामा चौकोन. चौकोनाखाली लिहिलं होतं, 'चिन्ह'. मी अशी भडकले की शेजारच्या दुकानातले लोक बाहेर आले. काका मात्र शांत. "ताई, हात जोडल्याबिगर ह्या तालुक्यात पत्रक कुणी वाचत न्हाय. आन् दुसरं छापायला मला विलेक्शन होईस्तवर सवड न्हाय."

मग काय करणार? पेन घेऊन मी एकेका पत्रकावरच्या रिकाम्या चौकोनावर फुली मारत बसले. खोडल्यासारखं दिसावं म्हणून. निवडणुकीच्या हंगामात छापील चौकोनावरच्या फुलीचा अर्थ काय होतो, हे मला पिंपळीत कळलं.

पिंपळी

पिंपळी बारामतीपासून जवळ. बागायती गाव, उसाच्या सऱ्या, मधेमधे जनावरांच्या चाऱ्याचं कडवळ. शाळेच्या व्हरांड्यात सभा ठरवली होती. बायकांना बोलावलं होतं, पुरुष आले. पुढच्या रांगेत पटकेवाले तीन आजोबा. त्यांतल्या मधल्यांनी पत्रक उलटंसुलटं पाहिलं.

"म्याडम, फुली कुठं मारायची ते कळलं. उमेदवार कोण ते न्हाय कळलं."

"उमेदवारच शोधायला आले आहे मी."

"कुठल्या पॅनेलकडनं?"

"कुठल्याच नाही."

"म्हंजी अपक्ष," शेजारचे आजोबा म्हणाले, आणि तिघांनीही समजुतीने माना डोलावल्या. अपक्ष लोकांबद्दल तिथे एक प्रकारची दया असते.

मी पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगितलं. सांगून झाल्यावर नवरे पुढे आले. बायकोऐवजी नवरा. "आमच्या मंडळींचं नाव घ्या. सही म्या करतो." मी विचारलं, मंडळी कुठे आहेत? मंडळी खुरपायला गेल्या होत्या. मंडळींना विचारलंय का? यात विचारायचं काय, असे चेहरे. मी एकाचंही नाव घेतलं नाही. जिला काम करायचं आहे तिने स्वतःच्या पायांनी यावं, असं सांगितलं. एक गृहस्थ रागावून म्हणाले, "मग तुमी कसल्या निवडून येताय!"

शाळेतले गुरुजी भले माणूस. सभेनंतर त्यांच्या घरी बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि हुलग्याचं गरम, पातळ माडगं प्यायला मिळालं. पुण्यात आम्ही हुलगे आजारी माणसाला देतो, इथे ते धडधाकट माणसाला देतात, आणि चव बघता इथल्यांचंच बरोबर आहे. गुरुजी म्हणाले, "बाई, शब्द बदला. शिकाऊ म्हणा. भानगड मिटेल."

सल्ला शहाणपणाचा होता. मी तो ऐकला नाही. शिकाऊ हा शब्द गाडीच्या मागे लिहितात, लोकांनी लांब राहावं म्हणून. माझ्या वडिलांच्या दुकानात कोणी शिकाऊ नव्हतं, उमेदवार होते. त्या शब्दात उमेद आहे. निवडणूकवाल्यांनी तो पळवून नेला म्हणून मी का सोडायचा? मी तोच शब्द घेऊन डाळजची एसटी पकडली.

डाळज

डाळज सोलापूर रस्त्यावर, भिगवणच्या पुढे. एका बाजूला ट्रकची रांग, दुसरीकडे उजनीच्या धरणाचं पाणी. भिगवणला उतरून जेवले. आमच्या घरात मासे नाहीत. हॉटेलवाल्याने चिलापीचा रस्सा आणून पुढे ठेवला आणि म्हणाला, "खाऊन बगा, न्हाय आवडला तर पैसं नगा." मी खाल्ला. परतीच्या वाटेवर पुन्हा खाल्ला.

डाळजजवळच्या एका वस्तीवर पारूबाई नावाची बाई तयार आहे, असा निरोप होता. माझ्याआधी माझं पत्रक तिथे पोचलं होतं. वस्तीच्या तोंडाशी हलगी वाजत होती. मला वाटलं कोणाचं लग्न आहे. तर ती हलगी माझ्यासाठी. खांद्यावर घोंगडी टाकलेल्या एका म्हाताऱ्याने माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला आणि जमलेल्यांना ओरडून सांगितलं, "पक्षाच्या बाई आल्या!"

हे पारूबाईचे सासरे, आबा. एके काळी मेंढरांचा मोठा कळप राखून होते, आता चार शेरडं आणि पाटाच्या पाण्यावरची थोडी जमीन. मुलगा गुजरातेत ट्रकवर. आपली सून निवडणुकीला उभी राहतेय आणि पुण्याहून तिचं तिकीट घेऊन बाई येतेय, म्हणून आबांनी गावात पेढे वाटले होते. मी तोंड उघडलं तर प्रत्येक वेळी हलगीवाला जोर करायचा. शेवटी हाराचा एक झेंडू माझ्या तोंडात गेला.

पारूबाई पस्तिशीची, उंच, आणि आवाज असा की पलीकडच्या शेतातला माणूस वळून बघेल. तिने मला चुलीपाशी नेलं आणि पहिल्यांदाच आवाज खाली केला.

"बाई, खरं सांगा. ह्यात मतं मागायची हायेत का?"

"नाही."

"मला वाटलंच. पत्रकात मनाच्या आजाराचं लिवलंय. आबांनी निस्तं हात बघितलं." तिने लाकूड पुढे सारलं. "म्हंजी सुनंदाकडं बसायचं काम हाय का?"

सुनंदा म्हणजे उसाच्या पलीकडच्या वस्तीवरची सून. दुसऱ्या बाळंतपणानंतर ती भिंतीकडे तोंड करून बसायला लागली होती. मूल आजी सांभाळत होती. पारूबाईने हे सगळं एका दमात सांगितलं आणि मग म्हणाली, "माजी आयबी अशीच भिंतीकडं त्वांड करून गेली. मी बारकी व्हते. तिच्याजवळ कुणी बसायला यायचं न्हाय. येडी म्हनायची लोकं. मला हे काम पायजे, बाई. आबांचं मी बगते."

मला त्याच क्षणी ती हवी होती. सातवी पास, जिभेला हाड नाही, कुणाला भीत नाही. पण आबांना खरं सांगायला तिने एक दिवस मागून घेतला आणि मी दिला. तो द्यायला नको होता.

संध्याकाळी आम्ही सुनंदाकडे गेलो. चांगलं सिमेंटचं घर, दारात ट्रॅक्टर. आतल्या खोलीत ती पोरगी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. बारामतीला येणाऱ्या डॉक्टरांकडे तिला एकदा नेलं होतं. गोळ्या दिल्या होत्या, त्यांतल्या उरलेल्या कोनाड्यात तशाच पडल्या होत्या. सासू म्हणाली, "धा दिस दिल्या. फरक न्हाय. मग भिगवनात सलाइन लावलं. त्येनंबी फरक न्हाय." तिकडे सलाइनवर लोकांचा फार जीव. बाटली टांगलेली दिसते, थेंब पडताना दिसतो, पैसे कुठे गेले ते कळतं. गोळीचं काही दिसत नाही. या गोळ्यांचा गुण यायला आठवडे लागतात, हे त्यांना कोणी नीट बसून सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. सासूने ऐकलं, बाई वाईट नव्हती, दमलेली होती.

तेवढ्यात पारूबाई सुनंदाजवळ फतकल मारून बसली आणि सुरू झाली. "अगं, काय झालंय तुला? सोन्यासारखं प्वार हाय, ट्रॅक्टर हाय. ह्या बाई आल्यात न्हवं, महिन्यात नाचाय लागशील बग!" सुनंदाने गुडघ्यांत डोकं घातलं. मी पारूबाईला हाताला धरून बाहेर काढलं.

"सोन्यासारखं पोर आहे हे तिला माहीत नाही का? आणि महिन्याचा वायदा कोणी केला? पहिला धडा हाच. बसायचं. बोलायचं नाही. तिने विचारलं तर उत्तर द्यायचं, नाहीतर गप्प. गोळी दिली, ती गिळली का पाहिलं, आणि बसलं."

"निस्तं?"

"नुसतं."

"मंग अवघड हाय," पारूबाई म्हणाली.

बावडा

दुसऱ्या दिवशी मी तिला बावड्याला नेलं. इंदापूरला एसटी बदलून जावं लागतं. वाटेत ऊस, ऊस आणि ऊस, मग एकदम मोठं गाव आणि भरलेला बाजार. तिथे सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारे एक गृहस्थ आहेत, आमचे जुने पेशंट. त्यांना आवाज ऐकू यायचे, आता गोळ्यांवर नीट आहेत. आजार हटू शकतो, हे पारूबाईने डोळ्यांनी बघावं, एवढाच हेतू.

त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. बायको रोज सकाळी गोळी हातावर ठेवायची आणि भावाने दुकान बंद पडू दिलं नाही. "लोकं लांब बसायची. ही दोघं जवळ बसली," म्हणाले. पारूबाईचे डोळे भरून आले. मला वाटलं, उमेदवार तयार झाली.

बाजारात चिवडा घ्यायला थांबलो. चिवडेवाल्याने सहज विचारलं, कुणाकडे आला होता? आणि पारूबाई त्या खणखणीत आवाजात म्हणाली, "त्ये सायकलवालं हायेत न्हवं, आदी येडं झालं व्हतं म्हनं, आता बगा कसं बेस हायेत!"

सगळ्या बाजाराने ऐकलं. तिने कौतुकानेच म्हटलं होतं, पण त्या माणसाने इतक्या वर्षांनी गावात मिळवलेली जागा एका वाक्यात हलली. मी तिथेच तिला फाडून खाल्लं. कोणाच्या घरातलं काय कळलं ते त्या घराच्या उंबऱ्याबाहेर आणायचं नाही, नवऱ्याला नाही, सासऱ्याला नाही, देवाला नाही. मी तिला घेऊन परत दुकानात गेले. तिने त्यांच्यासमोर हात जोडले, घडलं ते सांगितलं. ते बराच वेळ स्पोकला चिकटलेलं ग्रीस पुसत राहिले. मग म्हणाले, "बाजाराला म्हाईत व्हतंच. पर पुन्यांदा बोलू नगा." त्यांचा चेहरा उतरला होता, आणि तो आमच्यामुळे उतरला होता.

परतीच्या एसटीत इंदापूर आलं तेव्हा तिने चिवड्याची पुडी न उघडता माझ्या मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "मला नगा घेऊ. माज्या त्वांडाला कुलूप न्हाय."

"कुलूप घालायला शिकवणं हेच माझं काम आहे. आमच्या दुकानात पहिला काज कोणाचाच सरळ आला नाही. पण दुसऱ्यांदा हेच केलंस तर मी स्वतः हाकलीन."

"हाकला," ती म्हणाली. "पर दुसऱ्यांदा."

पुन्हा डाळज

आबांच्या दारात जीप उभी होती. बाजेवर सोसायटीचे चेअरमन बसलेले. वस्तीवर सगळे त्यांना तात्या म्हणतात. पांढरे कपडे, हातात बेल्टचं घड्याळ, बोलणं अगदी आदबीचं. राखीव जागेवर त्यांच्या भावजयीला बिनविरोध आणायचं ठरलं होतं, आणि मधेच ही पारूबाई उपटली होती.

"म्याडम, तुमी लांबनं आलाय, तुमचा मान हाय," तात्या म्हणाले. "आमचं येवढंच म्हननं हाय, तुमचा उमेदवार बसवा."

निवडणुकीच्या भाषेत उभा राहिलेला माणूस माघार घेतो तेव्हा तो 'बसतो'. समजूत घालून, धाक घालून किंवा काही देऊन त्याला 'बसवतात'. मी जीव तोडून सांगितलं की ही निवडणूक नाही, ही कुठे उभीच नाही. तात्या हसत होते. त्यांच्या मते ही माझी बोलणी करायची पद्धत होती.

"पारूबाईला अंगनवाडीत मदतनीस लावतो. आबांच्या रानात पाइपलाइनचं बगतो. आनखी काय पायजे बोला."

आबा मधेच ताडकन उभे राहिले. त्यांना आता खरं कळलं होतं, पारूबाईकडून नव्हे, माझ्या ओरडण्यातून. "म्हंजी इलेक्शन न्हाय? मंग म्या पेढं कशाचं वाटलं?"

मी म्हटलं, "आबा, तुमची सून मनाने आजारी असलेल्या लोकांजवळ बसण्याचं काम शिकणार आहे. पगार आहे. कामाला मान आहे."

"येड्यांपाशी?" आबांचा आवाज फाटला. "धनगराची लेक सरपंच व्हनार म्हनून म्या गावात छाती काढून फिरलो, आन् ही येड्यांपाशी बसनार? न्हाय जमायचं. तात्या म्हंत्यात तसं करा. बसवा तिला."

पारूबाई दारात उभी होती. पदर डोक्यावर, नजर खाली. थोरांसमोर सुनेने बोलायचं नसतं. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की मी काही बोलले तर आबांची आणखी शोभा होईल आणि नाही बोलले तर ती गेली. ती गेली असती तर मला दुसरी मिळालीही असती. तिला दुसरं काही मिळालं नसतं.

मी मोठ्या डॉक्टरांना विचारायला भिगवणला बूथवर गेले. त्यांना कोणीतरी आधीच फोन केला होता. "गावच्या राजकारणात संस्थेला ओढू नका. त्या बाईला तूर्त बसवा आणि परत या," ते म्हणाले. त्यांच्याही तोंडी तोच शब्द ऐकून माझं डोकं फिरलं. पुण्याच्या खुर्चीत बसलेला डॉक्टर, डाळजचा चेअरमन आणि शेरडं राखणारे आबा, जन्मात एकमेकांना न भेटलेले तिघे एका बाईला बसवायला एक झाले होते. आणि तिने मागितलं काय होतं? भिंतीकडे तोंड करून बसलेल्या एका पोरीशेजारी जागा.

"ऐकू येत नाही, लाइन खराब आहे," मी ओरडले आणि फोन ठेवला. लाइन उत्तम होती.

सकाळी वस्तीवर गेले तर पारूबाई घरात नव्हती. आबा अंगणात येरझाऱ्या घालत होते. तात्यांची जीप आली. माघार घेतल्याचं लिहून घ्यायला ते कागद घेऊन आले होते. कसली माघार, कुठून माघार, देव जाणे. "कुठं गेली?" असं विचारत आम्ही तिघेही उसाच्या बांधावरून पलीकडच्या वस्तीकडे निघालो. तात्या पुढे, मधे आबा, मागे मी. बांध ओला होता आणि तात्यांची पांढरी विजार चिखलाने भरली, त्याचा मला लहान मुलासारखा आनंद झाला.

सुनंदाची सासू ओसरीवर नातवाला वाटीतलं दूध पाजत होती. तिने बोटाने आत दाखवलं. आतल्या खोलीत सुनंदा होती तशीच, भिंतीकडे तोंड करून. तिच्याशेजारी, खांद्याला खांदा लागेल न लागेल इतक्या अंतरावर, पारूबाई बसली होती. तीही भिंतीकडे तोंड करून. कोनाड्यातली गोळ्यांची पट्टी तिच्या पुढ्यात होती, आणखी एक गोळी कमी झालेली. ती गप्प होती. ती बाई गप्प बसलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

"पारूबाई, भायेर या. दोन शब्द बोलायचं हायेत," तात्या दारातून म्हणाले.

ती हलली नाही.

"सूनबाई," आबा म्हणाले.

सासऱ्याच्या हाकेला सून उठली नाही, असं त्या वस्तीवर कधी झालं नसावं. आबांनी दाराची चौकट धरली. तात्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "म्याडम, सांगा की तिला."

"मी सांगणार नाही," मी म्हटलं. "ती कामावर आहे."

तेव्हा पारूबाई बोलली. मागे न बघता, आणि इतक्या हळू की तात्यांना पुढे वाकावं लागलं.

"तात्या, मला बसवायला आला व्हता न्हवं? बसलीया मी. हितं बसलीया. आन् आता कुनी मला उठवायचं न्हाय. आबा, तुमीबी न्हाय. माफ करा."

तात्यांनी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. या असल्या बसण्याला त्यांच्या हिशेबात कुठलं खातं नव्हतं. मग ते बाहेर गेले आणि जीप सुरू झाल्याचा आवाज आला. आबा गेले नाहीत. घोंगडी जमिनीवर टाकून ते ओसरीवर टेकले, आमच्याकडे पाठ करून. ते तिला घरात घेतील की नाही, हे त्या सकाळी कोणालाच माहीत नव्हतं.

मी चपला काढून आत गेले. पुण्यात मोठे डॉक्टर वाट बघत असतील, बघू देत. खोली लहान होती आणि दोघींच्या शेजारी तिसऱ्या माणसाला जागा नव्हती. मी उभीच राहिले. तेव्हा सुनंदा भिंतीवरून नजर न हलवता थोडी सरकली आणि तिने हाताने फरशीवर माझी जागा दाखवली.